सहा फुटांचं लेकरू

आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी तीन पोरं यायची. एक माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, आणि दोन त्याचे वर्गमित्र. तिघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेत, एकाच हर्लिंगच्या संघात. सगळ्यांची नावं तोंडात बसेपर्यंत मी आपली सोपी वाटणी करून टाकली. शेजारच्या घरातला, नायजेरियातून आलेल्या आईचा मुलगा इतर दोघांपेक्षा काही आठवड्यांनी मोठा, म्हणून तो थोरला. आमचा तो मधला. आणि पलीकडच्या गल्लीतला लाल केसांचा, नाकावर ठिपके असलेला आयरिश मुलगा तो धाकटा. पोरांना हे फार आवडलं. शाळेतही एकमेकांना याच नावांनी हाका मारायची, आणि मास्तरांना वाटायचं ही पोरं कुठला तरी गुप्त खेळ खेळतायत.

हर्लिंग म्हणजे हातात चपटी काठी घेऊन चेंडू मारायचा इथला खेळ. आमच्या सांगलीकडे जशी तालीम, तसं या आयरिश गावात, किलकेनीत, हर्लिंग. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला त्यातलं कळतं आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच कळतं. पोरं खेळून आली की भुकेने नुसती वखवखलेली. मी धपाटे लावायचे. थोरला उभ्या उभ्या चार संपवायचा आणि पाचव्याला हात घालताना विचारायचा, "आजी, हा कोणाचा?" कोणाचा असणार? पण विचारायचा. आजी म्हणायला नातवानेच शिकवलं होतं. आमचा नातू मराठी सगळं समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो, आणि हा नायजेरियन मुलगा मात्र आजी, पाणी, पुरे, अजून एक, एवढं छान मराठीत म्हणायचा. मुलगी हॉस्पिटलातून दमून आली की म्हणायची, "आई, आपल्या घरात मराठी बोलणारा मुलगा तो एकच आहे."

हा थोरला सोळाव्या वर्षीच सहा फूट झाला. खांदे रुंद, आवाज असा की त्याने हळू काही सांगितलं तरी फ्रिजवरची बरणी थरथरेल. पण हे सांगायला हवं, की धाकटाही कमी नव्हता. तो थोरल्यापेक्षा बोटभर बुटका असेल. आमचा मधलाच काय तो आमच्या अंगकाठीवर गेलेला, पण मिशी लवकर फुटली होती त्याला.

रविवारी सामना असला की मी पण जायची. पायात गमबूट, अंगावर मुलीचा जुना कोट, डोक्याला मफलर. कोणी बघितलं तर म्हणेल बाई शेतावर निघाली. सामना सुरू व्हायच्या आधी समोरच्या गावाचे दोन-तीन लोक पंचाकडे जायचे आणि थोरल्याकडे हात करून काहीतरी बोलायचे. मग आमच्या संघाचा शिकवणारा माणूस निमूट आपल्या गाडीकडे जायचा आणि थोरल्याच्या पासपोर्टची प्रत घेऊन यायचा. ती प्रत कायम गाडीतच असायची. हा पोरगा सतराच्या आतला कसा, एवढंच त्यांना बघायचं असायचं. पहिल्यांदा मला हसू आलं. मी थोरल्याच्या आईला म्हटलं, तुझ्या पोराला बघून घाबरतात बघ. ती हसली नाही. पुढे पुढे माझंही हसू गेलं. मधल्याला मिशीमुळे एखाद्या वेळी विचारायचे. बोटभर बुटक्या धाकट्याला मात्र कोणी, कधीच विचारलं नाही. मी चार हिवाळे त्या मैदानाच्या कडेला काढले. एकदाही नाही.

थोरल्याच्या आईबद्दल सांगते. ती एका वृद्धाश्रमात काम करते, म्हाताऱ्यांना उठवायचं, भरवायचं, अंघोळी घालायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी आजारात गेला. मागे हा मुलगा आणि लहानगी मुलगी. ती मला 'मम्मी' म्हणते. त्यांच्यातही वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. तिचा भात लालभडक, माझी आमटी पिवळी, पण घर चालवायच्या पद्धती अशा जुळायच्या की मला आश्चर्य वाटायचं. बशी फुटली तर जाब आधी मोठ्याला. लहान भावंडाने मारलं तरी, "तू मोठा ना, मग तू समजून घे." आमच्याकडे काय, तिच्याकडे काय, हाच कायदा. आणि पोरगं तो कायदा पाळायचं. बाप गेल्यापासून तर त्याने बहिणीला शाळेतून आणणं, घरातलं बिल भरणं, आईची रात्रपाळी असली की भात लावणं, सगळं अंगावर घेतलं होतं.

ते प्रकरण झालं जून महिन्यात. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो, पोरांना घरी यावंसंच वाटत नाही. सराव संपला, मोठी माणसं गेली. मैदानाच्या कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र ठेवलेलं असतं, वर बसून चालवायचं, लहान ट्रॅक्टरसारखं. किल्ली त्यालाच राहिली होती. तिघांच्या डोक्यात आलं की यावर बसून चिप्स आणायला जायचं. कल्पना कोणाची, हे मी आजवर तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं आहे, आणि तिघं वेगवेगळं नाव सांगतात. गेले रस्त्याने फटफट करत. वळणावर एका गृहस्थांची गाडी उभी होती, तिला यंत्राचा कोपरा लागला आणि लांबलचक ओरखडा उठला.

गृहस्थ बाहेर आले. निवृत्त माणूस, एकटे राहणारे. त्यांनी यंत्राचं स्टिअरिंग धरलं, पोरं म्हणाली सोडा, ते म्हणाले उतरा. तिघंही ओढत होती, तेही ओढत होते. यंत्र सुटलं आणि ते मागच्या मागे पडले. मनगट मोडलं.

दोघं धूम पळाली, ती माझ्या मागच्या दाराने आत. हात न धुता टेबलाशी येऊन बसली आणि दोघांनी एकदम पाणी मागितलं. तेव्हाच मला कळलं की काहीतरी घडलंय, कारण आमचा मधला स्वतःहून पाणी कधी पीत नाही. मी विचारलं, थोरला कुठाय.

थोरला तिथेच होता. त्या गृहस्थांच्या शेजारी फुटपाथवर बसलेला. कोणीतरी गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन केला. ते आले, त्यांनी विचारलं, हे कोणी केलं, बाकीचे कोण होते. आणि आमच्या शहाण्याने सांगितलं, "मी आहे ना. मी सगळ्यात मोठा आहे."

दुसऱ्या दिवशी मुलीने नातवाला कानाला धरून गार्डांकडे नेलं. धाकट्याच्या आईने धाकट्याला नेलं. काही लपवायचं नाही, असं त्या दोघींचं आधीच ठरलं होतं. इथे अठराच्या आतल्या मुलाने चूक केली आणि कबूल केली, तर कोर्टाच्या आधी एक वेगळी वाट असते. गार्डा घरी येतो, आईबापांसमोर समज देतो, वाटलं तर माफी मागायला लावतो, आणि ते तिथेच संपतं. मला ती वाट फार आवडली. आपल्याकडेही असतेच की, फौजदार ओळखीचा असला तर. इथे ओळख लागत नाही, असं मी मुलीला म्हटलंसुद्धा.

धाकट्याकडे गार्डा आला, चहा प्यायला, धाकट्याच्या आजोबांचं हर्लिंग त्याला आठवत होतं, त्यावर बोलला आणि तोंडी समज देऊन गेला. आमच्याकडे आला. माणूस चांगला होता, माझे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. पण मधल्याचं वय त्याने दोनदा विचारलं, समज रीतसर कागदावर झाली आणि पुढे वर्षभर त्याच्यावर नजर राहील असं ठरलं. ठीक आहे, आम्ही म्हटलं, राहू दे नजर, आम्हीही ठेवतोय.

थोरल्याकडे कोणी चहाला आलं नाही. त्याची आई वाट बघत होती. तिने चांगले कप काढून ठेवले होते. त्याच्यासाठी ती वाट नाही, असं वरून ठरून आलं. त्या गृहस्थांनी जबाबात सांगितलं होतं की एका धिप्पाड माणसाने हल्ला केला, पंचवीस-एक वर्षांचा असेल. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना तसाच दिसला असेल. आणि म्होरक्या आपणच, हे तर पोराने स्वतः सांगितलेलं. मग त्याच्यावर दुखापतीचा मोठा गुन्हा लागला.

मी कायद्याचं पुस्तक वाचलेलं नाही. पण तीन पोरं, एक यंत्र, एक ओरखडा, एक मनगट. पोरं ओळीत उभी करा आणि रंगाकडे बघा. एकाला तोंडी, एकाला कागदावर, एकाला कोर्ट. पापड लाटताना बाई पहिला पातळ लाटते आणि मग जाड होत जातात, तसं काही हे आपोआप झालेलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे यात एकाही माणसाने कोणाला वाईट शब्द बोललेला नव्हता. सगळे सभ्यच होते.

दिवस गेले, पावसाळी पानगळ झाली, नाताळ झाला. इथे कोर्टाचं काम आपल्यापेक्षा वेगाने चालतं असा माझा समज होता, तोही गेला. थोरला सतरा पूर्ण झाला. त्याला एक वकीलबाई मिळाल्या होत्या. तरुण मुलगी, सायकलवर यायची, केस कायम ओले. तिने आमच्या स्वयंपाकघरात बसून सगळं समजावलं, कारण थोरल्याच्या घरी लहानगी झोपलेली होती. तिने सांगितलं ते असं. गुन्हा मोठा लागला आहे, त्यामुळे दोन गोष्टी होऊ शकतात. न्यायाधीश हे मुलांच्या कोर्टातच ठेवू शकतात. तिथे दार बंद असतं, नाव कुठे छापून येत नाही, शिक्षेपेक्षा सुधारण्यावर भर. नाहीतर ते वरच्या कोर्टात पाठवू शकतात. तिथे मोठ्यांसारखा खटला, समोर बारा अनोळखी माणसं बसणार, आणि नंबर लागेपर्यंत हा अठराचा होऊन गेलेला असणार. कुठे ठेवायचं ते ठरवताना न्यायाधीश मुलाचं वय बघतात आणि त्याची समज किती मोठी आहे ते बघतात.

मग तिने थोरल्याच्या आईला विचारलं, तुमच्या मुलाबद्दल सांगा.

आई ताठ बसली. असा प्रश्न कोणी विचारायची ती जणू वर्षभर वाट बघत होती. म्हणाली, माझा मुलगा जबाबदार आहे. नवरा गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष तोच. बहिणीला तोच बघतो. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. मलाही राहवेना. मी पोळपाट बाजूला सारून म्हटलं, अगदी खरं आहे, ह्याच्या वयाच्या मुलांत एवढी समज मी बघितली नाही, मोठ्या माणसासारखा वागतो, बाकीची दोन माकडं याच्यामुळे ताळ्यावर आहेत.

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. तोंडावर हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून त्याला वरच्या कोर्टात पोचवणार आहात."

मला तिचं बोलणं कळायला जरा वेळ लागला. आपल्याकडे पोराला शहाणा, समंजस, पोक्त म्हणणं यापेक्षा मोठी शाबासकी नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचं, लग्नात म्हणायचं. तिच्याकडेही तेच. आणि कोर्टाच्या खोलीत जाऊन आम्ही तेच म्हणणार होतो. कर्ता पुरुष आहे, माणसासारखा वागतो. म्हणजे मोठ्या माणसांच्याच कोर्टात न्या.

वकीलबाई म्हणाली, तो लहान आहे असं काहीतरी सांगा. खोटं नको. खरंच काय आहे ते.

आईला सांगता येईना. मग तिचा आवाज चढला, वकीलबाईवर नाही, हवेत कुठेतरी. ती म्हणाली, "मी त्याला लहान राहूच दिलं नाही, मम्मी. दुकानात गेलास तर पावती हातात ठेव. पोलिसाशी बोललास तर सर म्हण. पळू नकोस, कधीही पळू नकोस, पळणाऱ्याला चोर म्हणतात. बाकीच्यांना चूक परवडते, तुला नाही. दहा वर्षांचा असल्यापासून हेच सांगितलं. म्हणून तो पळाला नाही. आणि आता मी जाऊन सांगू, बाळ आहे माझं?"

पलीकडे फ्रिजजवळ थोरला उभा होता. दूध घ्यायला आला होता. कधी आला कोणाला कळलं नाही. तो म्हणाला, "मी बाळ नाहीये," आणि दूध न घेताच गेला.

पण वकीलबाई होती चिवट. ती मला म्हणाली, आजी, तुम्ही सांगा, तुम्ही रोज बघता. मग मी सुरुवात केली. नदीवरच्या हंसांना तो घाबरतो. नोर नदीच्या कडेने शाळेत जायची जवळची वाट आहे, पण एकदा एक हंस त्याच्या मागे लागला होता, तेव्हापासून हे सहा फुटांचं धूड पुलाला वळसा घालून जातं आणि पायाला व्यायाम म्हणून सांगतं. आईला हे माहीतच नव्हतं. तिने तोंडाला हात लावला. मग तिला आठवलं, की बहिणीला रात्री भीती वाटते असं सांगून तो तिच्या खोलीतला दिवा चालू ठेवतो, आणि दाराची फट स्वतःच्या खोलीकडे ठेवतो. मला आठवलं, सामना हरले की तो आमच्या जिन्याखालच्या कपाटात, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्या प्रेसमध्ये कोटांच्या मागे जाऊन बसतो, आणि मधला बाहेरून त्याला बिस्किटं सरकवतो. आईला आठवलं, बापाचा फोन नंबर अजून तिच्या मोबाईलमधून पुसू देत नाही. इथे मात्र आम्ही थांबलो. हे सांगायचं नाही, ती म्हणाली. वकीलबाईने मान हलवली आणि ते लिहिलं नाही.

कोर्टाच्या दिवशी मी पण गेले. किलकेनीत मुलांसाठी वेगळी इमारत नाही. त्याच दगडी इमारतीत, त्याच खोलीत, आधी मोठ्यांचं कोर्ट चालतं. दारूच्या नशेत गाडी चालवलेले, भांडलेले, असे सगळे बाकांवर बसलेले. आम्ही बाहेर उभे. थोरल्याने बापाचा कोट घातला होता. वकीलबाईने बघितलं आणि म्हणाली, हा काढ आणि शाळेचा स्वेटर घाल. स्वेटर मधल्याकडून मागवला, तो मनगटाच्या वर चार बोटं राहिला. येणारे-जाणारे थोरल्याकडे बघत. एका शिपायाने येऊन त्याला अदबीने सांगितलं, तुमची केस मोठ्यांच्या यादीत असेल तर तुम्ही आत जाऊन बसू शकता, सर. दोन पावलांवर दुसरा एक मुलगा उभा होता, गोरा, याच्याएवढाच, कुठल्याशा दुकानाच्या काचेसाठी आलेला. त्याला तो म्हणाला, तू इथेच थांब हं बाळा, तुमचं नंतर आहे.

थोरल्याची आई माझा हात धरून होती. तिने तो एवढा दाबला की माझी बांगडी वाकडी झाली.

मग आतली सगळी माणसं बाहेर आली आणि मुलांचं कोर्ट सुरू झालं. खोली तीच, टेबल तेच, न्यायाधीशही तेच. फरक एवढाच की दार लावून घेतलं. एका दारामागे काय काय असतं बघा. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, मी शेजारची आजी. त्यांनी थोरल्याच्या आईकडे बघितलं, तिने मान डोलावली, आणि मला मागच्या बाकावर बसू दिलं.

वकीलबाईने दिवा, कोटांचं कपाट, सगळं सांगितलं, मग सरकारी बाजूचा माणूस बोलला. त्याने वाईट काही सांगितलं नाही, फक्त जे कागदावर होतं ते. अंगाने मोठा, स्वतःहून म्होरकेपण सांगितलेला. मग आईला विचारलं. ती उभी राहिली, सुरुवात हंसांनी केली, आणि दोन वाक्यांत तिची गाडी पुन्हा जुन्या रुळावर गेली. तो फार जबाबदार आहे, असं म्हणाली, आणि मधेच थांबली. तिला पुढे शब्द सापडेना. एवढ्या वर्षांची सवय, ती एका सकाळीत कशी मोडणार? मी न विचारता उभी राहिले. माझं इंग्रजी कसं आहे ते घरचे जाणतात. पण त्या दिवशी ते आलं.

"साहेब, याची हाडं पुढे निघून गेली आहेत. पोरगा मागून येतोय. त्याला पोचू द्या."

न्यायाधीशांनी मला बसायला सांगितलं, रागावून नाही. थोरल्याचे कान काळपट लाल झाले होते. तो जमिनीकडे बघत होता. हंस, दिवा, कोटांचं कपाट, सगळं त्याने ऐकलं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याला वाचवायला आम्ही त्याला उघडं करत होतो.

मग न्यायाधीशांनी त्यालाच विचारलं. बाकीचे दोघं पळाले, तू का थांबलास? तू बसून राहिलास तेव्हा तुला काय वाटलं होतं, आता काय होईल?

वकीलबाईने त्याला काही शिकवलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्या भरदार आवाजात, पण अगदी हळू, तो म्हणाला, "मला वाटलं, ते माझ्या आईला फोन करतील."

सरकारी माणसाने कागद खाली ठेवला. मोडकं मनगट, ओरखडलेली गाडी, समोर गार्डा, आणि या पोराच्या जगातली सगळ्यात मोठी शिक्षा कोणती, तर आईला फोन. आम्ही दोघी एवढा वेळ जे सिद्ध करायला धडपडत होतो ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं, आणि त्याला स्वतःला कळलंही नाही.

न्यायाधीशांनी जरा वेळ लिहिलं. आणि म्हणाले, हे इथेच राहील. याच खोलीत.

पुढचं सगळं लहान लहान होतं. एका देखरेखीच्या बाईकडे काही महिने जायचं, त्या गृहस्थांची माफी मागायची. ती मागायला तो गेला, आणि आमचे दोघेही त्याच्याबरोबर गेले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी. गृहस्थांनी दार उघडलं, तिघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि थोरल्याला म्हणाले, तू शाळेत जातोस होय. अंगात शाळेचा स्वेटर तोच होता.

कोर्टातून घरी येताना गाडीत मात्र तो आमच्याशी बोलला नाही. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून, खिडकीबाहेर बघत. नदी आली तेव्हा म्हणाला, "हंसांचं सांगायला नको होतं." त्याच्या आईने आरशातून बघितलं, आणि तिला हसू आलं. कित्येक महिन्यांनी. ती हसायला लागली ती थांबेना, गाडी बाजूला घ्यावी लागली. तो आणखी चिडला. मी आपली पुढे बघत राहिले.

संध्याकाळी धाकट्याची आई सफरचंदाचा टार्ट घेऊन आली. बाई मायाळू आहे, गेलं वर्षभर तिनेही चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या. आत येता येताच म्हणाली, चला, शेवटी सगळं ग्रँड झालं. पोरं ती पोरंच. मी तिला बसवलं. ती विचारायला लागली, आत काय काय सांगावं लागलं तुम्हाला? मी सांगितलं. हंस, दिवा, कपाट. ती हसली, म्हणाली, माझा तर अजून मोज्यांच्या जोड्या लावत नाही, आणि गडगडाट झाला की कुत्र्याच्या निमित्ताने आमच्या खोलीत येऊन झोपतो. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती थोरल्याच्या आईकडे बघत होती.

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "तो लहान आहे का, हे मला कोणी विचारलंच नाही."

थोरल्याच्या आईने तिला चहा दिला. खरं तेच धाकट्याच्या आईने सांगितलं होतं, आणि ते तिचं तिला सापडलं होतं.

तेवढ्यात तिघं खाली आली, वासाने. धाकट्याच्या आईने थोरल्यासाठी टार्टचा चांगला मोठा तुकडा कापला, जवळजवळ अर्धा. थोरल्याच्या आईने लगेच हात आडवा घातला.

"एवढा नको गं. पोट दुखेल त्याचं. लहान आहे तो."

तिने हे कोणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. थोरल्याने तिच्याकडे बघितलं, ती त्याच्या छातीपर्यंत येते, आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात नेऊन तो तुकडा उचलला.